जुन्या गोद्या, नवे काठ: तुमचे अनुभव लिहा

बंद पडलेल्या गोदीच्या जागी टॉवर, कॅफे, फिरायला काठ, असं बऱ्याच मोठ्या शहरांत झालंय. कोणी जाऊन आलं असेल तर लिहा, फक्त "फोटो भारी येतात" याच्या पुढचं लिहा प्लीज. सुरुवात मीच करते.

हॅम्बुर्गचं हाफेनसिटी. पहिल्या दिवशी कळेचना की सगळ्या इमारती एवढ्या उंच चौथऱ्यावर का आणि रस्ते दोन लेव्हलला का. मग खालच्या धक्क्यावर उतरलो तर तळमजल्याच्या काचांशेजारी ही जाड लोखंडी दारं, उघडून भिंतीला टेकवलेली. हा भाग मुख्य बंधाऱ्याच्या बाहेर आहे, वादळी भरतीला एल्बे नदीचं पाणी सरळ धक्क्यावर चढतं, तेव्हा ती लावून घेतात. १९६२च्या पुरात या शहरात ३००हून जास्त माणसं गेली होती हे रात्री हॉटेलात वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मी फक्त दारंच बघत हिंडले. हां, एल्बफिलहार्मोनी या कॉन्सर्ट हॉलचा सरकता जिना! मधे फुगीर असल्यामुळे वरचं टोक दिसतच नाही, साबा (सासूबाई) घट्ट हात धरून म्हणे, "हा संपतो ना गं कुठेतरी?" संपतो, मग अजून एक छोटा सरकता जिना, आणि ३७ मीटरवर, जुन्या विटांच्या गोदामाच्या डोक्यावर पोचतो आपण.

---

आम्ही २०१२ला लंडनमध्ये कॅनरी वॉर्फला गेलो ते लेकाला बिनड्रायव्हरच्या डीएलआर ट्रेनमध्ये सगळ्यात पुढे बसायचं होतं म्हणून. टॉवर बघून तासाभरात कंटाळा. पण शेजारी साखरेच्या जुन्या गोदामात म्युझियम आहे, ते चुकवू नका. १८०२ची गोदी, साखर गुलामांच्या घामाची, तेही आत नीट सांगितलंय. दारासमोर एक पुतळा होता, त्याच्यापाशी लेकाचा हसरा फोटो आहे आमच्याकडे. रॉबर्ट मिलिगन, ही गोदी उभी करण्यात पुढे असलेला, जमैकात गुलाम राबवणारा. जून २०२०मध्ये तो पुतळा हलवला. फोटो अल्बममध्ये तसाच आहे, काढवतही नाही आणि बघवतही नाही.

---

केपटाउनच्या वॉटरफ्रंटला मॉल वगैरे आहेच, पण बंदर अजून चालू आहे, ते आधी नाकाला कळतं. सील बिनधास्त पसरलेले असतात. धान्य साठवायच्या सायलोच्या (उंच कोठाराच्या) काँक्रीटच्या नळ्या आतून कापून म्युझियम केलंय (२०१७), मधली पोकळी मक्याच्या दाण्याच्या आकाराची. मान दुखेपर्यंत वर बघितलं, चित्रं राहिली ती राहिलीच.

---

वरच्या साबांना नमस्कार 😄 माझं योकोहामा, मिनातो मिराई. लँडमार्क टॉवरच्या पायथ्याशी दगडी पायऱ्यांचा खोल चौक दिसला म्हणून पाय मोकळे करायला खाली जाऊन बसलो, बिस्किटं काढली, छान सावली होती, अर्धा तास गेला असेल. निघताना पाटी वाचली तर ती १८९०च्या दशकातली सुकी गोदी, म्हणजे पाणी काढून जहाज दुरुस्त करायची जागा. म्हणजे मी बसलो होतो तिथे बरोबर डोक्यावर जहाजाचं पोट असायचं. परत जाऊन पाच मिनिटं वर बघत बसलो.