इंग्रजी क्रियापदापुढे कुठलं प्रिपोझिशन, आणि कुठे काहीच नको?

पाटीपेन्सिल_४
मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ऑफिसची ईमेल लिहायला शिकवते. काळ आणि वचनं हळूहळू सुधारतात, प्रिपोझिशन मात्र जाता जात नाही. कायम दिसणारी वाक्यं: 'वी डिस्कस्ड अबाउट द बजेट', 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह', 'प्लीज एक्स्प्लेन मी द प्रोसेस', 'आय ॲम वेटिंग युवर रिप्लाय', 'शी मॅरीड विथ अ डॉक्टर'. यादी पाठ करून घेतली की परीक्षेपुरती टिकते. ह्यामागे काही सूत्र आहे की एकेक क्रियापद घोकायचंच? शिवाय 'ॲग्री'पुढे विथ, टू, ऑन तिन्ही दिसतात. कधी काय?

कर्मणीप्रयोग
सूत्र इंग्रजीत शोधून हाती फार लागणार नाही, मराठीत शोधा. तुमच्या पाचही वाक्यांत मराठीची सवय आहे. कुठे आपला प्रत्यय उचलून तिकडे नेलाय, कुठे आपल्याकडे वेगळा शब्द नाही म्हणून तिकडचाही गाळलाय. तेव्हा चुका क्रियापदाच्या अकारविल्हे लावू नका, प्रत्ययानुसार लावा.

सगळ्यात मोठा गठ्ठा 'नाम + करणे'चा. आपण बजेट*वर* चर्चा करतो, सुरक्षितते*वर* भर देतो, रजे*साठी* विनंती करतो. इथे प्रत्यय येतो तो चर्चा, भर, विनंती ह्या नामांमुळे. इंग्रजीतही नाम वापरलं की प्रिपोझिशन येतं: 'अ डिस्कशन अबाउट द बजेट', 'एम्फसिस ऑन सेफ्टी', 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', 'ॲन ऑर्डर फॉर टेन चेअर्स', 'लॅक ऑफ टाइम'. तोच शब्द क्रियापद झाला की ते गळतं: 'डिस्कस द बजेट', 'एम्फसाइज सेफ्टी', 'रिक्वेस्ट लीव्ह', 'ऑर्डर टेन चेअर्स', 'लॅक टाइम'. मुलांच्या कानावर दोन्ही पडलेली असतात आणि त्यांची सरमिसळ होते. म्हणून नाम आणि क्रियापद कायम जोडीने शिकवा, एकेकटं नको.

ह्याला अपवाद आहेत. 'सर्च' नाम असो वा क्रियापद, हरवलेल्या वस्तूआधी 'फॉर' लागतोच. त्याशिवाय लिहिलं तर जिथे शोधायचं ती जागा येते: 'सर्च द रूम फॉर द की'. 'एंटर'पुढे 'इन्टू' येतं, पण करार किंवा वाटाघाटी असतील तरच. खोलीत जायचं तर नुसतं 'एंटर द रूम'.

'-शी' लहान गट आहे. 'मॅरी', 'कॉन्टॅक्ट', 'रिझेम्बल' ह्यांना काही लागत नाही. मात्र 'गेट मॅरीड' आणि 'बी मॅरीड' असेल तर 'टू'. 'विथ' तिथेही नाही.

तिखटमीठ_९
वरच्याशी सहमत, पण खरा घोळ '-ला'चा आहे आणि तो राहिला. मराठीत एकच '-ला' कर्मालाही लागतो, ज्याला द्यायचं त्यालाही आणि जायच्या ठिकाणालाही. इंग्रजीत त्याच्या वाटा फुटतात:

त्याला विचार: आस्क हिम
त्याला सांग: टेल हिम
त्याला म्हणालो: सेड टू हिम
त्याला हसले: लाफ्ड ॲट हिम
त्याला घाबरते: इज अफ्रेड ऑफ हिम
प्रश्नाला उत्तर दे: आन्सर द क्वेश्चन
मेलला उत्तर दे: रिप्लाय टू द मेल
पुण्याला गेलो: वेंट टू पुणे
पुण्याला पोचलो: रीच्ड पुणे, किंवा अराइव्ह्ड इन पुणे

'अराइव्ह'पुढे शहर-देश असेल तर 'इन', स्टेशन-ऑफिस-विमानतळ असेल तर 'ॲट', आणि 'होम'पुढे काहीच नाही. 'अराइव्ह टू' ठिकाणासाठी कधीच नाही.

'एक्स्प्लेन मी' ह्याच घरातली चूक. 'टेल', 'शो', 'गिव्ह', 'सेंड' ह्यांच्यापुढे माणूस थेट बसतो: 'टेल मी द रेट'. 'एक्स्प्लेन', 'सजेस्ट', 'मेन्शन', 'डिस्क्राइब', 'अनाउन्स' ह्यांच्यापुढे आधी गोष्ट, मग 'टू' लावून माणूस: 'एक्स्प्लेन द प्रोसेस टू मी'. गोष्ट लांबलचक असेल तर क्रम उलटतो, 'टू' सुटत नाही: 'एक्स्प्लेन टू मी हाउ द रिफंड प्रोसेस वर्क्स'.

'वाट पाहणे' वेगळंच. आपण उत्तरा*ची* वाट पाहतो, तिथे नेण्यासारखा शब्दच नसतो, म्हणून 'फॉर' राहून जातो. 'वेट फॉर युवर रिप्लाय' किंवा 'अवेट युवर रिप्लाय', दोन्ही चालतात. 'अवेट फॉर' मात्र नाही.

कर्मणीप्रयोग
'ॲग्री'साठी मराठी क्रियापदच बदलून बघा. पटलं असेल तर 'विथ': 'आय ॲग्री विथ यू'. मान्य केलं असेल, मनापासून असो वा नाइलाजाने, तर 'टू': 'द क्लायंट ॲग्रीड टू द न्यू रेट'. दोघांचं मिळून ठरलं असेल तर 'ऑन': 'दे ॲग्रीड ऑन अ डेट'. ब्रिटिश व्यावसायिक लिखाणात 'ॲग्री अ प्राइस' असं बिनप्रिपोझिशनचंही आढळतं. ते चूक धरू नका, मुलांना शिकवूही नका.

'ॲट' आणि 'टू'मधला फरकही असाच दाखवता येतो. 'ॲट'मध्ये नेम धरलेला असतो. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे त्याने झेलावा म्हणून, 'थ्रो अ स्टोन ॲट हिम' म्हणजे त्याला लागावा म्हणून. 'शाउट टू' म्हणजे लांबून हाक मारणं, 'शाउट ॲट' म्हणजे खेकसणं.

पाटीपेन्सिल_४
प्रत्ययाची वाटणी वर्गात लगेच वापरता येईल. 'लुक फॉरवर्ड टू मीट यू' राहिलं. आणि 'कोप अप विथ'?

तिखटमीठ_९
'टू'नंतर 'इट' घालून बघा. 'लुक फॉरवर्ड टू इट' बसतं, म्हणजे हा 'टू' प्रिपोझिशन आहे आणि पुढे क्रियापद आलं तर -इंग: 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'ऑब्जेक्ट टू पेइंग', 'बी यूज्ड टू ड्रायव्हिंग' तसंच. 'वाँट टू इट' बसत नाही, तिथे मूळ रूप.

'कोप विथ', मध्ये 'अप' नाही. 'कीप अप विथ'वरून ते घुसत असावं. 'प्रिफर'पुढे तुलना दोन नामांची असेल तर '-पेक्षा' आठवून 'दॅन' नको: 'आय प्रिफर टी टू कॉफी'.

उलटटपाली
एक जागा सगळ्यांकडून सुटली: वाक्याचा शेवट. मराठीत 'ज्या खुर्ची*वर* बसलो' म्हणताना प्रत्यय पुढेच लागून जातो. इंग्रजीत तो मागे उरतो आणि मुलं तो गाळतात. 'द चेअर आय सॅट ऑन', 'हू आर यू वेटिंग फॉर?', 'ही वॉज लाफ्ड ॲट', 'अ हाउस टू लिव्ह इन'. तपासायची रीत सोपी: वाक्य साधं करून पुन्हा लिहा. 'आय सॅट ऑन द चेअर'मध्ये 'ऑन' आहे, तर फिरवलेल्या वाक्यातही हवाच.

अमेरिकन मजकूर वाचणाऱ्या मुलांना 'प्रोटेस्ट द डिसिजन', 'अपील द व्हर्डिक्ट', 'राइट मी' असं दिसेल. ब्रिटिश रीतीत 'प्रोटेस्ट अगेन्स्ट', 'अपील अगेन्स्ट', 'राइट टू मी'. दोन्ही बरोबर, एका पत्रात मिसळू नयेत इतकंच.

शंका आली की लर्नर्स डिक्शनरीच उघडा, साधी इंग्रजी-मराठी नको. तिथे 'डिस्कस समथिंग विथ समबडी' असा पूर्ण साचा छापलेला असतो. वहीत तो साचाच उतरवून घ्यायला सांगा, समोर नुसतं 'चर्चा करणे' लिहू देऊ नका. गूगलच्या एनग्रॅम व्ह्यूअरवर (छापील पुस्तकांत एखादे शब्द किती वेळा येतात ते दाखवणारं साधन) कुणी 'डिस्कस अबाउट' शोधून 'पुस्तकांत सापडतं की' म्हणालं, तर मूळ वाक्यं उघडून बघायला लावा. 'डिस्कस अबाउट ट्वेंटी केसेस'सारखी वाक्यंही त्या आकड्यात मोजली जातात, आणि तिथे 'अबाउट' म्हणजे 'सुमारे'.