कॉमिकच्या कव्हरवर पुढची गोष्ट खरंच लपवलेली असते का?

शेवटचंपान: परवा बॅटमॅनचं कॉमिक द किलिंग जोक परत वाचायला काढलं आणि कव्हरवरच अडकलो. बॅटमॅनचा शत्रू जोकरने कॅमेरा डोळ्याला लावलाय, लेन्स सरळ आपल्याकडे, आणि म्हणतोय हसा. पहिल्यांदा बघताना वाटतं वेडा माणूस फोटो काढतोय, बास. पण आत तोच कॅमेरा गळ्यात अडकवून तो पोलीस कमिशनरच्या मुलीच्या, बार्बरा गॉर्डनच्या दारात उभा राहतो, तिला गोळी घालतो, फोटो काढतो आणि नंतर ते तिच्या वडिलांना दाखवतो. म्हणजे कव्हर बघताना आपण बार्बराच्या जागी उभे होतो! अंगावर काटा आला. १९८८ चं पुस्तक, कव्हर आणि आतली चित्रं दोन्ही ब्रायन बॉलंडची. माझं मत, कव्हर ही गोष्टीची पहिली चौकट असते.

जुनाअंक: नाही पटलं. एक भारी उदाहरण घ्यायचं आणि सगळ्यांना लावायचं असं कसं चालेल? कव्हर अंक खपावा म्हणून असतं. डीसी या कॉमिक कंपनीत ज्युलियस श्वार्ट्झ संपादक असताना कित्येकदा कव्हर आधी ठरायचं आणि मग लेखकाने त्यावर गोष्ट रचायची, म्हणजे पुढचं सुचवायला पुढचं काही लिहिलेलंच नाही. १९६६ चा फ्लॅशचा अंक १६३ बघा, कव्हरवर नायक फ्लॅश हात पुढे करून सरळ वाचकालाच थांबवतोय, हा अंक सोडून जाऊ नको, माझा जीव यावर आहे. आणि आजही बऱ्याचदा कव्हरवाला चित्रकार वेगळा, आतला वेगळा, जाहिरातीसाठी कव्हर काही महिने आधी लागतं. लोक उगाच सावल्यांमध्ये कोण मरणार ते शोधत बसतात.

शेवटचंपान: श्वार्ट्झचं मान्य. पण एकच हात दोन्ही काढतो तिथे बघ ना. वॉचमेन हे कॉमिक, १९८६, चित्रकार डेव्ह गिबन्स. पहिल्या अंकाच्या कव्हरवर फक्त पिवळा हसरा बिल्ला आणि त्यावर रक्ताचा तिरका डाग, घड्याळाच्या काट्यासारखा. आत पान उलटलं की तोच बिल्ला गटारात, मग नजर वर वर जाते. दर अंकाच्या शेवटी घड्याळ बाराकडे सरकतं, आणि बाराव्या अंकात हसऱ्या चेहऱ्याच्या टीशर्टवर केचप सांडतो. हा योगायोग?

मधलीचौकट: मला स्पायडरमॅनचा अंक १२१ आठवतो, १९७३ चा. कव्हरवर जवळच्या माणसांचे चेहरे, आणि तो म्हणतो यातलं कुणीतरी मरणार. गोष्टीचं नाव मात्र शेवटच्या पानावर, कारण मरणारी ग्वेन, त्याची प्रेयसी, त्या नावातच आहे. चिन्हंबिन्हं काही नाहीत, तरी प्रत्येक पानावर धाकधूक होते. मला तर हेच जास्त भिडतं.

जुनाअंक: वॉचमेन बारा अंकांत संपणार हे आधीच ठरलेलं होतं. चालू मालिकेतलं सांग.

शेवटचंपान: एक्स-मेन या नायकांच्या संघाचा अंक १४१, १९८१, चित्रकार जॉन बर्न. संघातले म्हातारा वुल्व्हरिन आणि किटी भिंतीला टेकून, मागे पोस्टरवर बाकी सगळ्यांचे चेहरे, कुणावर ठार तर कुणावर पकडला.

जुनाअंक: पण ते लपलंय कुठे? सरळ लिहिलंय.

शेवटचंपान: कॅमेरा पण समोरच होता की. तो कशासाठी आहे ते आत गेल्यावर कळलं.