जुन्या डिजिटल घड्याळांच्या करामती : तुमचे अनुभव लिहा

मनगटावरून टीव्ही बंद करणाऱ्या कॅसिओच्या सीएमडी-४० चा फोटो आज समोर आला आणि तो सगळा काळ आठवला. कॅल्क्युलेटर, थर्मामीटर, रिमोट, कॉम्प्युटरशी बोलणारी घड्याळं जमवणाऱ्यांनी लिहा: घेताना काय बघता, काय बिघडतं?

माझ्याकडून एवढंच, की वेळ दिसतेय म्हणून घड्याळ चांगलं असं धरू नका. आधी करामत तपासा. रिमोटवालं असेल तर फोनचा सेल्फी कॅमेरा त्याच्या समोर धरून बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला म्हणजे इन्फ्रारेड दिवा शाबूत.

चिमटा
सेल बदलला आणि भलतेच आकडे आले की लोक भंगारात काढतात! बऱ्याच कॅसिओत सेलजवळ बारीक अक्षरांत 'एसी' (ऑल क्लिअर, म्हणजे रीसेट) लिहिलेलं असतं. धातूच्या चिमट्याचं एक टोक तिथे, दुसरं सेलच्या धन बाजूला. दोन सेकंद. बस्स.

काडीकाडी
कॅल्क्युलेटरवाल्यात ८८८८८८८८ टाका. प्रत्येक आठाच्या सातही काड्या उमटायला हव्यात. एखादी गायब असेल तर बहुतेक वेळा डिस्प्ले मेलेला नसतो. काच आणि सर्किट यांच्यामधली रबरी झेब्रा पट्टी मळलेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टीच्या दोन्ही कडा आणि सर्किटवरचे सोनेरी पट्टे पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. पट्टी बोटाने धरू नका, तेल लागतं.

चिमटा
+१. आणि स्प्रिंग राहिली! गजराचा आवाज झाकणाला आतून चिकटवलेल्या चकतीतून येतो, तिला वीज पोचवते एक इवलीशी स्प्रिंग. ती उडाली की घड्याळ मुकं. पांढऱ्या ताटात उघडा.

लुकलुक
टायमेक्स डेटालिंक (१९९४), ते कॉम्प्युटरच्या पडद्यावरून माहिती घेणारं घड्याळ, कुणाकडे आहे का? एलसीडी मॉनिटरवरून माहिती जात नाही म्हणून घड्याळ खराब समजू नका. ते जुन्या पिक्चर ट्यूबच्या पडद्यावरच्या पट्ट्यांची उघडझाप वाचतं. आता आर्डुइनोला (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) एलईडी जोडून तीच उघडझाप करता येते.

शनिवारपेठी
पुण्याचा जुना बाजार अजून बुधवार-रविवारच भरतो ना? कुकर लावलाय, नंतर वाचते सगळं.

काडीकाडी
@शनिवारपेठी, तिथे जाताना सेल आणि बारीक पेचकस खिशात ठेवा. सेलच्या जागी पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर, मग अल्कोहोल. सर्किटवरची तांब्याची रेघच खाल्ली गेली असेल तर सोडून द्या, जीव अडकवू नका.

सेलवाला
३९५ आणि ३९९ नंबरचे सेल मापाने सारखेच, पण दिवा-गजरवाल्यात ३९९ घाला, तो जास्त करंट देतो. स्वस्त अल्कलाइन नकोच. गळतात.

लुकलुक
थर्मामीटरवालं हातात असताना ते तुमच्या मनगटाचंही तापमान मिसळून दाखवतं. काढून २०-३० मिनिटं सावलीत ठेवा, मग खऱ्या थर्मामीटरशी ताडून बघा.

नवशिका
डिस्प्लेवर तपकिरी डाग पडलेत, आकडे दिसतात पण पुसट. गेला का?

काडीकाडी
नाही हो. वरची पोलरायझर फिल्म (जिच्यामुळे आकडे काळे दिसतात ती पातळ पट्टी) कुजलीय. ब्लेड जवळजवळ आडवं धरून एका कोपऱ्यातून सोलायची, राहिलेला गोंद अल्कोहोलने काढायचा. नवी फिल्म कापण्याआधी चालू डिस्प्लेवर फिरवून बघा. एका कोनात आकडे काळेभोर दिसतील, तिथे खूण करा. ९० अंश चुकलात तर काळ्यावर पांढरे आकडे येतील. काहींना तेच आवडतं.