मदत हवी आहे : कार्यालयात यायचे दिवस कसे ठरवावेत?

नमस्कार. मी फोंड्याला राहते आणि पणजीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत लहानशा गटाचे काम पाहते. आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात येणे कंपनीने सक्तीचे केले आहे. ते दिवस कोणते, हे ठरवण्याची जबाबदारी मात्र गटप्रमुखांवर टाकली आहे.

गटातील एकजण पेडण्याहून येतो, तर दुसरा काणकोणहून, मडगावला बस बदलून. प्रत्येकाला सोयीचे दिवस दिले की सगळ्यांची गाठ एकाही दिवशी पडत नाही. मग येणारा येतो, कानाला हेडफोन लावून पुण्यातील सहकाऱ्यांशी घरून बोलला असता तेच बोलतो आणि संध्याकाळी परतीची बस धरतो. एवढ्यासाठी प्रवास कशाला, हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

तरीही सगळे काम घरूनच व्हावे, असे मी म्हणणार नाही. शेजारी बसलेला शिकाऊ मुलगा लॅपटॉप माझ्याकडे वळवून अडलेली ओळ दाखवतो आणि त्याची शंका दोन मिनिटांत फिटते; तोच घरी असला की संकोचाने अर्धा दिवस अडून बसतो आणि संध्याकाळी ‘जरा अडलंय’ असा निरोप धाडतो. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटत असल्यामुळे घरून काम करणाऱ्या आईबापांची दुपार कशी जाते, हे येथे वेगळे सांगायला नको. (‘घरीच तर असतेस’ म्हणणारे नातेवाईक हा स्वतंत्र विषय आहे.)

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ट्रिप डॉट कॉम’ या चिनी कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०२४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन दिवस घरून काम दिल्यावर कामगिरी घसरली नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. ही घट स्त्रियांमध्ये आणि दुरून येणाऱ्यांमध्ये विशेष दिसली. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की घरून कामाचे वार बुधवार आणि शुक्रवार असे ठरलेले होते, ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेले नव्हते.

म्हणून मंगळवार आणि गुरुवार सर्वांसाठी सक्तीचे ठेवावेत, त्या दिवशी दुपारपर्यंत पुण्याशी बैठक घेऊ नये आणि तिसरा दिवस ज्याचा त्याने निवडावा, असा माझा विचार आहे. अशी व्यवस्था कोणी राबवली आहे का? तिसरा दिवस मोकळा ठेवल्यावर सगळेच सोमवार आणि शुक्रवार टाळतात का, आणि तसे झाल्यास आपण काय केले?

आणखी एक विचारायचे आहे. पावसाळ्यात गावाकडे वीज गेली की राऊटर इन्व्हर्टरवर चालतो, पण काही वेळाने मोबाईलचा टॉवरही मान टाकतो. असा वाया गेलेला घरचा दिवस आपल्याकडे रजा धरतात, की नंतर कार्यालयात येऊन भरून काढू देतात?