फरसबीची कोरडी भाजी: हिरवा रंगही राहावा आणि शेंगही शिजावी, यासाठी काय करावे?

डोंबिवलीकर

नमस्कार. आमच्याकडे डब्यासाठी फरसबीची कोरडी भाजी नेहमी होते. मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची व कढीपत्ता यांची फोडणी, त्यावर बारीक चिरलेली फरसबी, मीठ, चिमूटभर साखर आणि शेवटी ओले खोबरे व कोथिंबीर, एवढेच तिचे स्वरूप. घरातील ज्येष्ठ मंडळी चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत आणि एरवीही सर्वांना हीच चव आवडते, त्यामुळे भाजीत कोणताही मसाला घालण्याचा विचार नाही.

अडचण अशी की, झाकण ठेवून शिजवल्यास भाजी मऊ होते, पण तिचा रंग शेवाळी पडतो. उघडी परतल्यास रंग टिकतो, पण शेंग दाताखाली करकरते आणि तिचा हिरवट वास जात नाही. कुणी चिमूटभर खायचा सोडा घालण्यास सांगतात, कुणी कुकरची एक शिट्टी सुचवतात. सकाळी सातला केलेली ही भाजी दुपारी एकच्या सुमारास खाल्ली जाते, हे लक्षात घेऊन जाणकारांनी आपली पद्धत सांगावी. उन्हाळ्यात डब्यातील ओले खोबरे आंबूस होते, त्यावरही उपाय असल्यास कळवावा.

सदाशिवपेठी

सोडा अजिबात घालू नये, हे आधी सांगतो. सोड्याने शेंग हिरवीगार दिसते हे खरे, पण तिची साल बुळबुळीत होते, भाजीला साबणासारखी चव येते आणि ब व क जीवनसत्त्वांचा बराचसा नाश होतो. घरच्या भाजीत एवढी किंमत मोजून रंग मिळवण्यात अर्थ नाही.

रंग बिघडण्यामागे आम्लाचा हात असतो. भाजी तापू लागली की पेशी फुटून त्यांतील आम्ले मोकळी होतात, हरितद्रव्याच्या रेणूमधील मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरव्या रंगाची जागा शेवाळी रंग घेतो. या आम्लांपैकी काही वाफेबरोबर उडून जाणारी असतात. पहिल्या काही मिनिटांत झाकण ठेवले की ती झाकणाला लागून थेंबांच्या रूपाने पुन्हा भाजीत पडतात, म्हणून सुरुवातीला कढई उघडी ठेवणे महत्त्वाचे आहे. तेवढ्या वेळात आच मात्र मोठी हवी, नाहीतर शेंग नुसतीच रेंगाळत तापते आणि रंगही जातो.

पाव किलो फरसबीसाठी माझा क्रम असा आहे. शेंगा धुऊन, पुसून, मगच चिराव्यात. चिरून धुतल्यास पाणी कापांत अडकून राहते आणि कढईत भाजी परतली जाण्याऐवजी उकडली जाते. काप साधारण अर्ध्या सेंटिमीटरचे व सारख्या आकाराचे असावेत. पसरट कढईत दोन चमचे तेलाची फोडणी करून फरसबी घालावी, लगेच मीठ घालून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे उघडीच परतावी. मिठाने शेंगेला तिचेच पाणी सुटते, त्यामुळे वेगळे पाणी लागत नाही. त्यानंतरच आच मंद करून झाकण ठेवावे आणि झाकण म्हणून पाण्याने अर्धी भरलेली खोलगट ताटली वापरावी. पाच-सहा मिनिटांत काप बोटांनी दाबल्यावर सहज चिरडतो. तेथे थांबून झाकण काढावे आणि दोन मिनिटे परतून उरलेले पाणी आटवावे.

साखर किंवा गूळ शेंग शिजल्यावरच घालावा. गुळाने शेंगेची साल शिजायला वेळ लागतो आणि लिंबू, आमसूल यांनी तर ती कडक राहते आणि रंगही उतरतो. त्यामुळे लिंबू पिळायचेच असेल, तर ते जेवताना पानात पिळावे.

मडगावकर

वरील पद्धतीशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. ताटलीतील पाणी शेवटी कढत होते. कधी भाजी तळाला लागू लागली तर त्यातलेच चमचाभर पाणी शिंपडावे, गार पाणी मुळीच ओतू नये. आमच्याकडे ताटलीवर पाणी ठेवल्याशिवाय कोणतीच सुकी भाजी होत नाही.

खोबऱ्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ओले खोबरे शेवटी नुसते भुरभुरवण्याची जी रीत आहे, ती गरम पानावर वाढायच्या भाजीसाठी ठीक आहे, पण डब्यासाठी ती चालणार नाही. झाकण काढल्यावर खोबरे घालून भाजीबरोबर दोन-तीन मिनिटे चांगले परतावे, म्हणजे त्यातील ओल कमी होते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र माझा भरवसा खोबऱ्यावर नसतो; त्या दिवसांत सुक्या खोबऱ्याचा कीस हलका भाजून घालणे अधिक सुरक्षित. कारवारच्या बाजूला फोडणीत चमचाभर उडदाची डाळ घालतात, ती तांबूस झाली की मऊ शेंगेत तिचा खुसखुशीतपणा फार छान लागतो. हे नैवेद्यालाही चालते, म्हणून आपल्या ज्येष्ठांची हरकत नसावी.

आठवड्याचा_बाजार

इतका खटाटोप कशासाठी? भरपूर उकळत्या खारट पाण्यात काप तीन मिनिटे सोडावेत, चाळणीत निथळून गार पाण्याखाली धरावेत आणि फोडणीत परतावेत. रंग हमखास टिकतो. आदल्या रात्री एवढे करून शीतकपाटात ठेवले, तर सकाळचे काम पाच मिनिटांचे उरते.

मडगावकर

रंग टिकतो, पण चव पाण्याबरोबर मोरीत जाते. मेजवानीसाठी तीस-चाळीस पाने वाढायची असतील तर मीही तेच करेन, चार माणसांच्या घरात करणार नाही.

सदाशिवपेठी

कुकरच्या शिट्टीचा मुद्दा राहून गेला. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जाते आणि आम्लांना बाहेर पडायला वाट नसते. रंग आणि पोत दोन्ही त्यात हमखास बिघडतात. बटाटा घालून रस्सा करायचा असेल तर ती गोष्ट वेगळी.

डब्याबाबत एक सूचना आहे. स्टीलच्या डब्यात भाजी कढत भरून झाकण लावले, तर आतल्या वाफेत ती आणखी शिजत राहते, मग कढईत सांभाळलेला रंग डब्यात जातो आणि खोबरेही लवकर आंबते. भाजी ताटात पसरून दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावी आणि मगच भरावी. लोखंडी कढई वापरत असाल तर भाजी होताच ती लगेच काढून घ्यावी, कारण कढईत राहिलेली भाजी काळपट होते.

वाई_सातारा

सर्वांनी शिजवण्यावर लिहिले, पण निम्मा फरक निवडण्यातच पडतो. शेंग वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. ती नुसतीच लवली तर शिळी आहे आणि बाहेरून दाण्यांचे फुगवटे दिसत असतील तर जून आहे. जून शेंग कितीही शिजवली तरी तिचे धागे तोंडात राहतात. हल्ली बाजारात बिनशिरेच्या जाती पुष्कळ येतात, तरीही दोन्ही टोके मोडताना शीर निघते का हे पाहून घ्यावे.

करकरीत शेंग आवडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोवळी शेंग खाल्ली तर फरसबी आणि दाणा वाळवला तर राजमा, असे हे एकाच जातीचे झाड आहे. आमच्या जिल्ह्यातील कोरेगाव भागाचा, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडाही त्यातलाच. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारे जे प्रथिन असते, ते कच्च्या शेंगेतही कमी प्रमाणात असते आणि शिजवल्याने निकामी होते, म्हणून ही भाजी काकडीच्या कोशिंबिरीसारखी अर्धीकच्ची खाऊ नये.

नेमक्या जूनच शेंगा घरात आल्या असतील, तर दाणे सोलून घ्यावेत आणि धागेदार साल टाकून द्यावी. हे दाणे आधी दहा-बारा मिनिटे खळखळत्या पाण्यात उकडून उरलेल्या कोवळ्या शेंगांबरोबर फोडणीत घालावेत, आणि अशा भाजीत खोबऱ्याऐवजी दोन चमचे शेंगदाण्याचे कूट घालावे. ते डब्यात आंबत नाही आणि दाण्यांना सुटलेले पाणीही शोषून घेते.