छोटीचं लास्ट सीन

आत्या, ९.५८: छोटी पोहोचली का बुडापेस्टला? लास्ट सीन ६.४० दाखवतंय मगापासून. मी दोन मेसेज टाकले, एकच टिक आहे. कोणाशी बोलणं झालं असेल तर सांगा, मी आपली जीव टांगणीला लावून बसलीये

छोटीची आई, ९.५९: नाही ना ताई. व्हिएन्नाहून गाडीत बसते म्हणाली ते शेवटचं. सहा वीसला पोहोचते तिकडच्या

भाऊकाका, १०.०१: सहा वीस म्हणजे आपले ९.५०. होऊन गेले. एव्हाना मेसेज यायला पाहिजे होता.

आत्या, १०.०१: अरे देवा

दादा, १०.०३: बाबा साडेचार तासांचा फरक आहे. आपले १०.५० होतील. अजून गाडीतच आहे ती

भाऊकाका, १०.०४: साडेतीन. आम्ही २०१२ ला गेलो तेव्हा पॅरिसला उतरल्या उतरल्या मी स्वतः घड्याळ साडेतीन तास मागे केलं होतं. ११ दिवस ७ देश.

दादा, १०.०७: तुम्ही मे महिन्यात गेला होतात, तेव्हा साडेतीनच असतं. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात, आज १४ मार्च आहे म्हणजे अजून केलेली नाहीत. अमेरिकेने मात्र गेल्या रविवारीच केली, त्यामुळे छोटीच्या कॉलेजपासून युरोप एरवी सहा तास पुढे असतो तो सध्या पाचच आहे, पहिल्या दिवशी तिचाच गोंधळ झाला होता

भाऊकाका, १०.०८: सरकारने घड्याळ पुढेमागे करायचं ही काय पद्धत झाली. मी प्रत्यक्ष जाऊन आलोय म्हणून सांगितलं. बाकी तुमचं चालू द्या.

आप्पा, १०.१०: युरोपात कोठेही अडचण आल्यास ११२ हा क्रमांक फिरवावा. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन तिन्हींसाठी एकच. मोफत लागतो. चि. छोटीने नोंद करून ठेवावी. 🙏

आतेभाऊ, १०.११: आप्पा ती ऑनलाइनच नाहीये, नोंद कशी करेल 😂

मोठी काकू, १०.१४: मी काही बोलत नाही. पण आठ बेडची खोली, त्यात मुलं मुली एकत्र, हे मला तरी आधी कोणी सांगितलं नव्हतं. फोटोत मागच्या बेडवर एक दाढीवाला स्पष्ट दिसत होता प्रागच्या

छोटीची आई, १०.१५: वहिनी ते हॉस्टेल आहे, तिकडे तसंच असतं. तिच्याबरोबर दोघी मैत्रिणी आहेत

मोठी काकू, १०.१६: असतील. मी फक्त फोटोत दिसलं ते सांगितलं

दादा, १०.१७: आई फक्त मुलींचीही खोली मिळते, प्रागला ती फुल होती म्हणून मिक्स घेतली. प्रत्येक बेडला पडदा असतो, खाली लॉकर असतो, कुलूप आपलं आपण न्यायचं. तो दाढीवाला रात्रभर घोरत होता एवढीच तक्रार आहे तिची

मोठी काकू, १०.१८: तुला बरी सगळी माहिती

छोटीचे बाबा, १०.२०: नमस्कार. आत्ताच जेवून उठलो. काळजीचं कारण नाही. सगळी बुकिंग मी बघितलेली आहेत.

भाऊकाका, १०.२१: फ्रान्स, चेक, ऑस्ट्रिया, हंगेरी. चार देशांचे चार व्हिसे काढले का रे?

छोटीचे बाबा, १०.२५: एकच भाऊ. शेंगेन. चारही त्यातच येतात. जिथे जास्त मुक्काम त्या देशाकडे अर्ज करायचा, पॅरिसला तीन रात्री बाकी सगळीकडे दोन दोन म्हणून फ्रान्सकडे केला तिने अमेरिकेतूनच. ३० हजार युरोचं कव्हर असलेला इन्शुरन्स लागतो. शिवाय परत अमेरिकेत शिरायचं तर आय-ट्वेंटीवर, म्हणजे कॉलेज देतं त्या विद्यार्थी व्हिसाच्या कागदावर, कॉलेजची प्रवासाची सही पाहिजे, ती वर्षाच्या आतली हवी. तिची जुनी झाली होती. निघायच्या आदल्या आठवड्यात लक्षात आलं. झाली सही शेवटी.

आत्या, १०.२६: आदल्या आठवड्यात!!! हे आम्हाला आत्ता कळतंय

भाऊकाका, १०.२७: एवढं करून स्वित्झर्लंड नाहीच ना यादीत.

आप्पा, १०.२९: युरोपात कोठेही अडचण आल्यास ११२ हा क्रमांक फिरवावा. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन तिन्हींसाठी एकच. मोफत लागतो. चि. छोटीने नोंद करून ठेवावी. 🙏

आतेभाऊ, १०.३०: आप्पा पोहोचलं 🙏

मोठी काकू, १०.३३: आम्ही आपलं जुन्या वळणाचे. आमच्या वेळी डोक्यावर लोन असताना माणूस गल्लीच्या टोकाला जायचं तरी विचार करायचा. हे कोणाला उद्देशून नाही, जनरल बोलतेय

छोटीची आई, १०.३६: वहिनी तिने आमच्याकडून एक पैसा घेतलेला नाही. आठवड्याला २० तास काम करायची परवानगी असते कॅम्पसवर, ती लायब्ररीत रात्रीची पाळी करते ऑगस्टपासून, बारा बारा वाजेपर्यंत पुस्तकं लावत बसते. त्यातून साठवले तिने. लोनचा हप्ता आम्ही बघू, तो कोणाकडे मागायला आलेलो नाही

मोठी काकू, १०.३७: मी जनरल म्हटलं होतं. मनाला लावून घेतलंस तर माझा नाइलाज आहे

छोटीची आई, १०.३७: हा मेसेज डिलीट केला आहे

आतेभाऊ, १०.३८: काय होतं काय होतं 👀

आत्या, १०.३८: तू गप रे

मोठी काकू, १०.३९: मी वाचलंय. आणि कॅमेऱ्याचा विषय मी काढलेला नव्हता. निघालाच आहे तर एवढंच म्हणेन की घेतलेली वस्तू परत करायची सवय लहानपणापासून लावावी लागते

छोटीचे बाबा, १०.४०: सगळ्यांना विनंती, कॅमेऱ्याचा विषय दिवाळीत संपलेला आहे.

भाऊकाका, १०.४१: विषय बदलतो. २०१२ चा आमचा नोत्र दामसमोरचा फोटो टाकतोय. मागे उंच निमुळता मनोरा दिसतोय बघा, तो २०१९ च्या आगीत कोसळला. छोटीच्या परवाच्या फोटोत आहे तो नवा, हुबेहूब तसाच बांधलाय. डिसेंबर २०२४ ला चर्च परत उघडलं. म्हणजे अस्सल बघितलेले या घरात आम्ही दोघंच.

आतेभाऊ, १०.४२: मामा फोटोत मनोरा कमी आणि तुमची टोपी जास्त आहे

आत्या, १०.४३: आयफेलवर पायऱ्यांनी चढली म्हणे पोरगी. लिफ्ट असताना. गुडघ्याची वाट लागेल

दादा, १०.४४: दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत आत्या, पायऱ्यांचं तिकीट स्वस्त पडतं म्हणून. आणि पोरी हिशोब करून चढल्या, सूर्य मावळायला आला तेव्हा, म्हणजे अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं टॉवर लुकलुकतो ते आतूनच बघायला मिळालं

आत्या, १०.५२: १०.५० होऊन गेले रे. अजून एकच टिक

दादा, १०.५३: गाडी दहा मिनिटं उशिरा असेल. बुडापेस्टला उतरली की मेट्रोचं तिकीट घ्यायचं आहे तिला आधी, तिकीट घेऊन मशीनला लावलं की करेल मेसेज, नाहीतर परत प्रागसारखं व्हायचं

छोटीची आई, १०.५३: प्रागला काय झालं?

दादा, १०.५४: काही नाही

छोटीची आई, १०.५४: दादा.

आतेभाऊ, १०.५५: 🍿

दादा, १०.५८: काकू मी सांगणार नव्हतो. ट्रॅमचं कागदी तिकीट घेतलेलं होतं तिघींनी, पण आत चढल्यावर पिवळ्या मशीनमध्ये घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा असतो, तो मारला नाही. तिकीट खिशात आणि खिडकीतून फोटो चाललेत. साध्या कपड्यातला एक माणूस आला, मुठीत लपवलेला बिल्ला दाखवला, तिकीट बघितलं आणि दंड. रडली थोडी. मग मला फोन केला. आईला सांगू नको म्हणाली

मोठी काकू, १०.५९: म्हणजे विदाउट तिकीट

दादा, १०.५९: तिकीट होतं गं आई! शिक्का नव्हता

मोठी काकू, ११.००: तेच ते

छोटीची आई, ११.०१: मला का नाही सांगितलं तिने. मी काय रागावले असते का

आतेभाऊ, ११.०१: 🤐

आप्पा, ११.०३: युरोपात कोठेही अडचण आल्यास ११२ हा क्रमांक फिरवावा. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन तिन्हींसाठी एकच. मोफत लागतो. चि. छोटीने नोंद करून ठेवावी. 🙏

आत्या, ११.०४: आप्पा झोपा आता तुम्ही, बीपीची गोळी घेतली का

भाऊकाका, ११.०९: मी म्हणतो त्या हॉस्टेलला फोन लावा. नंबर टाका इथे, मी बोलतो इंग्लिशमध्ये.

छोटी, ११.३१: अरे काय चाललंय इथे!! ७० मेसेज?? पोहोचले मी, फोन मेला होता, सीटजवळचं सॉकेट बंद होतं आणि पॉवर बँक मैत्रिणीने व्हिएन्नाच्या बेडवरच विसरली. हॉस्टेलला येऊन चार्ज केला. मुलींच्याच खोलीत आहे काकू, सहा बेड

आत्या, ११.३१: आली गं बाई

छोटीची आई, ११.३२: जेवलीस का?

छोटी, ११.३३: हो स्टेशनजवळ बसलो लगेच, गुलाश घेतलं, मस्त गरम होतं, थंडी आहे ना. पण ४५०० झाले माझे एकटीचे, जरा महागच पडलं

मोठी काकू, ११.३३: साडेचार हजाराचं जेवण

भाऊकाका, ११.३३: युरो???

छोटीचे बाबा, ११.३४: छोटे नक्की आकडा काय आहे तो परत बघ.

छोटी, ११.३५: 😂😂 फोरिंट! इथे युरो नाही चालत. एका युरोला चारशेच्या आसपास फोरिंट येतात, म्हणजे ११-१२ युरो झाले. प्रागलाही वेगळं होतं, कोरुना, एका युरोला पंचवीस धरा. डोकं फिरतं, पाकिटात तीन देशांची चिल्लर झालीये. आणि मशीनवर कार्ड लावलं की विचारतं डॉलरमध्ये घेऊ की इथल्या पैशात, तेव्हा इथल्याच पैशात म्हणायचं, डॉलर म्हटलं की रेट वाईट लावतात. हे मला एकदा चुकल्यावर कळलं

छोटी, ११.३६: एक मिनिट. दादा तू प्रागचं सांगितलंस???

दादा, ११.३६: ओघात आलं

छोटी, ११.३७: तुझ्याशी उद्या बोलते

भाऊकाका, ११.३८: छोटे, ते स्टेशनवरच्या फोटोत आजोबांच्या कोटाला तिरंगा कसा काय? आपले लोक भेटले का?

छोटी, ११.४०: नाही काका, लाल पांढरा हिरवा आहे तो, हंगेरीचा. रिबिनीचं फूल करून लावतात छातीवर डावीकडे. उद्या १५ मार्च, १८४८ च्या क्रांतीचा दिवस म्हणून राष्ट्रीय सुट्टी आहे इथे, दुकानं बंद असणार म्हणून आत्ताच पाणी आणि ब्रेड घेऊन ठेवला. मेट्रो चालू असते पण. इथली एक नंबरची लाइन १८९६ ची आहे, पिटुकले पिवळे डबे, रस्त्याच्या अगदी खालून जाते

आप्पा, ११.४४: चि. छोटी, डॅन्यूबच्या काठी संसदेजवळ लोखंडी बूट मांडले आहेत. साठ जोड. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ज्यूंना नदीकाठी उभे करून आधी बूट काढायला लावले आणि मग गोळ्या घातल्या. बुटांना किंमत होती म्हणून. त्यात लहान मुलांचेही आहेत. सकाळी गर्दी होण्याआधी जाऊन ये.

छोटी, ११.४६: हो आप्पा. जाते. सकाळीच जाते

आतेभाऊ, ११.५०: बरं व्हिएन्ना राहिलं सांगायचं. ऑपेराला गेलीस म्हणे श्रीमंतासारखी

छोटी, ११.५४: श्रीमंत कसली, उभ्याचं तिकीट! स्टेट ऑपेरात मागे कठडे असतात, त्याला टेकून उभं राहायचं, बसलेल्यांच्या मानाने अगदी किरकोळ पैशात. आधी रांग लावायची, आत सोडलं की पळत जाऊन जागा पकडायची आणि कठड्याला आपला रुमाल नाहीतर स्कार्फ बांधायचा, की ती जागा तुमची. मग खुशाल बाहेर जाऊन या, कोणी हात लावत नाही. साडेतीन तास उभी होते, पाय गेले पण समोर छोट्या पडद्यावर इंग्रजीत शब्द येत होते म्हणून कळत होतं कोण कोणावर चिडलंय. आपल्या ग्रुपसारखंच होतं सगळं. फोटो टाकते

छोटी, ११.५५: हा बघा कठडा. माझा मधला

आत्या, ११.५६: अगं किती सुंदर लाल मखमल. आणि सगळ्यांचे काळे करडे स्कार्फ, तुझाच तेवढा उठून दिसतोय

मोठी काकू, ११.५७: फोटो जवळून काढलेला आहे का अजून एखादा

छोटी, ११.५८: हा घ्या. का हो काकू?

मोठी काकू, ११.५९: ही माझी बांधणी आहे. दोन वर्षं शोधतेय मी. कपाट तीनदा उपसलं

आतेभाऊ, ११.५९: 🍿🍿🍿

छोटीची आई, १२.००: वहिनी मला खरंच माहीत नव्हतं

छोटी, १२.०१: काकू 🙈 दादाच्या साखरपुड्याला तुम्हीच दिली होतीत की खांद्यावर घ्यायला, मग बॅगेत राहिली आणि मग ती अमेरिकेला आली आणि मग मला सांगायची भीती वाटली. सॉरी. पॅरिसपासून रोज गळ्यात आहे, एवढी ऊबदार दुसरी नाहीये माझ्याकडे

छोटी, १२.०२: व्हिएन्नात शेजारच्या एका आजींनी विचारलं कुठून घेतली. मी म्हटलं काकूची आहे

भाऊकाका, १२.०४: आता झोपा सगळे. तिकडे पण साडेआठ वाजले असतील.

दादा, १२.०४: साडेसात

मोठी काकू, १२.०९: गाठ जास्त घट्ट मारू नकोस, कळ्या निघतात तिच्या. आणि मशीनला अजिबात लावायची नाही, रंग जातो. येशील तेव्हा आण