चवथीची धावपळ आणि हेगू बिंदू
चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) धावपळीत डोके दुखू लागल्यास अंगठा व तर्जनी यांमधील ‘हेगू’ हा अ‍ॅक्युप्रेशरचा (शरीरावरील ठरावीक जागा दाबण्याच्या उपचारातला) बिंदू कोणीही निर्धास्तपणे दाबावा, असे एक मत आहे; ते मला अर्धेच मान्य आहे, कारण पारंपरिक चिनी वैद्यकातच गर्भवती स्त्रियांसाठी हा बिंदू वर्ज्य मानला जातो आणि सणाला जमणाऱ्या लेकीसुनांत एखादी गर्भवती असू शकते.

फोंड्याच्या आमच्या मूळ घरी माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीची) बांधाबांध आणि नेवऱ्यांचे (करंज्यांचे) तळण आटोपल्यावर शरीर थकूनही झोप येत नसे, तेव्हा मी ‘नेइगुआन’ बिंदूकडे वळले. मनगटाच्या आतील घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटे वर, दोन कंडरांच्या (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यांच्या) मधोमध तो सापडतो. तेथे दोन-तीन मिनिटे हलका दाब देत संथ श्वास घेतला की मला खरोखर शांत वाटते. त्यात त्या निवांत मिनिटांचाही वाटा असावा.